ग्लोब्युलिनची ती एक ओळ: मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या चिठ्ठ्या मी रोज वाचते. गेली २४ वर्षं मी परळ-दादर भागातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करते आहे. सकाळी साडेसातपासून उपाशीपोटीची सँपल्स यायला लागतात. लालबाग, शिवडी, नायगाव, वडाळा, कुठून कुठून माणसं येतात. हातात तुमची चिठ्ठी असते, चारदा घडी घातलेली. अक्षर बघूनच आम्हाला कळतं की ही अमक्या डॉक्टरांची. या शहरात माणूस आजारी पडला की पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो, मोठ्या हॉस्पिटलचा जिना तो फार नंतर चढतो. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

मागणं सुरुवातीलाच सांगते. पन्नाशी उलटलेल्या माणसाची पाठ, कंबर किंवा बरगड्या महिना-दीड महिना औषध घेऊनही दुखत असतील, हिमोग्लोबिन उतरलं असेल आणि त्याचं कारण सापडत नसेल, किंवा किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन उगाच चढायला लागलं असेल, तर चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहा: सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. रक्तातली प्रोटीन्स वेगवेगळी करून बघायची ही तपासणी, आणि तिच्यातून मल्टिपल मायलोमा या ब्लड कॅन्सरचा माग लागतो. आणि ही ओळ लिहायची की नाही याचा पहिला इशारा बरेचदा तुमच्या टेबलावर आधीच येऊन पडलेला असतो. लिव्हर फंक्शनचा रिपोर्ट तुम्ही मागवता ना, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन छापलेलं असतं. ग्लोब्युलिन म्हणजे अल्ब्युमिन सोडून उरलेली प्रोटीन्स, अँटीबॉडीज यातच येतात. बिलिरुबिन ठीक, एसजीपीटी ठीक, म्हणून कागद मिटला जातो. त्या खालच्या ओळीपर्यंत नजर जातच नाही.

माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत हेच झालं.

मामांनी ३१ वर्षं बेस्टची बस चालवली. निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी, २०१६च्या पावसाळ्यात, त्यांची पाठ धरली. "एवढी वर्षं बस चालवलीत, पाठ दुखणारच," असं डॉक्टर म्हणाले, मामी म्हणाली, शेजारचे म्हणाले. मीही म्हणाले. कमरेचा पट्टा आणला, मलम झालं, शेक झाला. दुखणं थांबवायच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ सुरू झाल्या आणि सुरूच राहिल्या. मला बघितलं की मामा म्हणायचे, "गो बाये, पाठ काय सोडीत नाय." त्या गणपतीत ते आरतीला उभे राहू शकले नाहीत, खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या. हिमोग्लोबिन ८.९ आलं तेव्हा लोहाच्या कॅप्सूल मिळाल्या. पुढे त्यांना सारखी तहान लागायला लागली, पोट साफ होईना, कधी कधी बोलताना शब्द हरवायचा. आम्ही इसबगोल देत राहिलो आणि वयावर ढकलत राहिलो. रक्तातलं कॅल्शियम चढलं की माणसाचं असंच होतं. मला ते शिकवलेलं होतं. घरातल्या माणसाकडे बघताना शिकलेलं आठवत नाही, एवढंच म्हणू शकते.

२०१७च्या मार्चमध्ये नळाखालची अर्धी भरलेली बादली उचलताना त्यांचा मणका मोडला. एका सरकारी हॉस्पिटलात नेलं तेव्हा क्रिएटिनिन ४.२ होतं. रात्रपाळीला एक रेसिडेंट होती, पंचविशी-सव्विशीची मुलगी. तिने विचारलं, "जुने कागद आहेत का सगळे?" मामीने कापडी पिशवी रिकामी केली. लाइटबिलं, पेन्शनची कागदपत्रं, आणि मध्येच आदल्या ऑगस्टमधला एक लिव्हर फंक्शनचा रिपोर्ट, दुसऱ्याच लॅबचा. टोटल प्रोटीन १०.४. अल्ब्युमिन ३.१. ग्लोब्युलिन ७.३. ए-जी रेशो, म्हणजे अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं गुणोत्तर, ०.४२. प्रत्येक आकड्यापुढे चांदणी, नॉर्मलच्या बाहेर असल्याची खूण. त्या मुलीने पेनाने ग्लोब्युलिनभोवती गोल काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. निरोगी माणसात तो आकडा साधारण २ ते ३.५ च्या दरम्यान असतो. सात महिने तो कागद लाइटबिलांबरोबर पडून होता.

तो कागद कुणाच्या टेबलावरून गेला हे मी इथे लिहिणार नाही, मला कुणावर दोष टाकायचा नाही. मामांचे डॉक्टर चांगलेच होते, रात्री-अपरात्री घरी यायचे. दिवसाला शंभर पेशंट बघणारा माणूस प्रत्येक चांदणीमागे धावू शकत नाही हे मला दिसतं. पण ही चांदणी वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे मला माझ्या कामाच्या जागेवरून सांगता येईल.

आपल्या हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. अँटीबॉडी बनवायचं काम त्यांचं. निरोगी शरीरात अशा पेशींचे असंख्य गट असतात आणि प्रत्येक गट आपापल्या तऱ्हेची अँटीबॉडी बनवतो. त्यातला एखादा गट बिघडला आणि बेसुमार वाढला की तो एकच एक प्रोटीन रक्तात ओतत राहतो. सगळे रेणू हुबेहूब सारखे. याला एम प्रोटीन म्हणतात आणि त्या आजाराला मल्टिपल मायलोमा. ह्या पेशी हाड कुरतडतात, म्हणून पाठ दुखते. मगजात जागा उरत नाही, म्हणून रक्त कमी होतं. कुरतडलेल्या हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं. आणि अँटीबॉडीचे सुटे तुकडे, ज्यांना लाइट चेन म्हणतात, ते किडनीच्या नळ्यांत जाऊन अडकतात. त्या अवस्थेत रोज दोन वेळा वेदनाशामक गोळी पोटात जात असेल तर किडनीचं काय होत असेल ते मी तुम्हाला सांगायला नको.

इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे या प्रोटीन्सना पळायला लावणं. सिरमचा एक थेंब जेलवर ठेवायचा, वीज सोडायची. अल्ब्युमिन सगळ्यात पुढे धावतं, मग अल्फा-१, अल्फा-२, बीटा, आणि सगळ्यात मागे गॅमा. अँटीबॉडीज बहुतेक या शेवटच्या गॅमात असतात. जेल रंगवलं की निळे पट्टे उमटतात, त्याचा आलेख निघतो. निरोगी माणसाचा गॅमा म्हणजे पसरट, बुटकी टेकडी. मायलोमाच्या पेशंटमध्ये तिथे एक बारीक, उंच, टोकदार सुळका उभा राहतो. आम्ही त्याला स्पाइक म्हणतो. तो एकदा बघितला की विसरत नाही. अजूनही तो स्क्रीनवर आला की माझा हात थांबतो आणि मी पेशंटचं वय बघते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. टीबी, जुना हेपटायटिस, एचआयव्ही, संधिवात, यांतही ग्लोब्युलिन वाढतंच, आणि आपल्याकडे हे आजार काही कमी नाहीत. मग प्रत्येकाच्या मागे लागायचं का? शंका अगदी रास्त आहे, आणि माझ्या मते हा आकडा दुर्लक्षित राहतो तो याच सवयीमुळे. पण या आजारांत अँटीबॉडी बनवणारे पुष्कळ गट एकाच वेळी जागे होतात, म्हणून टेकडी नुसती फुगते. सुळका येत नाही. ग्लोब्युलिनचा आकडा तुम्हाला दोन्हीकडे सारखाच दिसेल, फरक दिसतो तो आलेखात. ही तपासणी एमआरआयपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पाठ दुखते म्हणून एमआरआय लिहिताना हात थांबत नाही, मग ही ओळ लिहितानाही थांबू नये.

ही सगळी गोष्ट तशी फार जुनी. १८४५ साली लंडनमधल्या एका किराणा व्यापाऱ्याची लघवी हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरकडे तपासायला आली. त्या माणसाचीही हाडंच दुखत होती. लघवीत एक विचित्र प्रोटीन होतं. ते खाली बसायचं, तापवलं की विरघळायचं, गार झालं की पुन्हा बसायचं. १ जानेवारी १८४६ला तो व्यापारी वारला. कॅन्सरची खूण म्हणून शरीरातलं एखादं प्रोटीन ओळखलं गेल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. ती खूण म्हणजे लाइट चेन, हे कळायला मात्र १९६२ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी प्रोटीन्स विजेवर पळवायची पद्धत बसवली आणि १९४८चं नोबेल मिळवलं. म्हणजे मी रोज जे करते त्याला पाऊणशे वर्षं उलटून गेली आहेत. हे काही परदेशातून कालपरवा आलेलं महागडं तंत्र नाही.

तरीही एकट्या इलेक्ट्रोफोरेसिसवर विसंबू नका, हे मला आवर्जून सांगायचं आहे. मायलोमाच्या साधारण १५ ते २० टक्के पेशंटमध्ये ती बिघडलेली पेशी पूर्ण अँटीबॉडी बनवतच नाही, नुसत्या लाइट चेन बनवते. त्या किडनीतून गळून जातात. मग रक्तात सुळका दिसत नाही आणि ग्लोब्युलिन वाढण्याऐवजी कमीसुद्धा येतं, कारण चांगल्या अँटीबॉडीज दबून गेलेल्या असतात. म्हणून पाठदुखी, रक्तक्षय आणि किडनीचा बिघाड असलेल्या माणसाचं ग्लोब्युलिन २ च्या खाली असेल तर तोही इशाराच समजा. अशा वेळी सिरम फ्री लाइट चेन ही तपासणी लागते. ती २००१च्या सुमारास आली. त्यात कापा आणि लॅम्डा या लाइट चेनच्या दोन जातींचे आकडे आणि त्यांचं गुणोत्तर येतं. गुणोत्तर ०.२६ ते १.६५ मध्ये असलं तर ठीक. किडनी आधीच बिघडलेली असेल तर ०.३७ ते ३.१ पर्यंत धरतात. तपासणी महाग आहे, प्रत्येकाला झेपत नाही, ते मला काउंटरवर रोज दिसतं. म्हणून सरसकट लिहा असं मी म्हणत नाही.

आणि लघवीची पट्टी. साध्या पट्टीवर अल्ब्युमिन कळतं, लाइट चेन कळत नाहीत. पट्टी "नील" सांगते आणि २४ तासांच्या लघवीत ढीगभर प्रोटीन निघतं, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. या दोन आकड्यांचं जुळत नसेल तर पट्टी बाजूला ठेवा.

लॅबमध्ये आणखीही काही खुणा आम्हाला दिसतात, त्या तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. सिरम चिकट असतं, पिपेटच्या टोकातून सुटत नाही. मशीन एरर दाखवतं. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसायचा वेग, १२०-१३० येतो. ब्लड स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटलेल्या दिसतात. कधी ब्लड बँकेतून फोन येतो की क्रॉसमॅच जमत नाहीये. यातली एकही गोष्ट एकटी फार बोलत नाही. पण चिठ्ठीवर जर "वय ६३, तीन महिने पाठ दुखते" एवढं लिहिलेलं असेल, तर आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सही करण्याआधी दोन मिनिटं थांबतात. बहुतेक चिठ्ठ्यांवर नुसती तपासण्यांची नावं असतात. पेशंटला काय होतंय, याचा एक शब्दही नसतो.

घाबरवायचंही नाही मला कुणाला. पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांमध्ये लहानसा सुळका सापडतोच, आणि त्यांना काहीही होत नसतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी १९७८मध्ये या अवस्थेला एमगस असं नाव दिलं. अशा शंभर माणसांपैकी वर्षाला साधारण एकाचाच मायलोमा किंवा त्याच जातीचा आजार होतो. तेव्हा सुळका दिसला म्हणजे कॅन्सरच, असं पेशंटला कृपया सांगू नका. रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवा, ते काही महिन्यांनी पुन्हा बघतील, मग वर्षाकाठी. आइसलँडमध्ये ८० हजारांहून जास्त लोकांनी अशा सरसकट तपासणीच्या अभ्यासात नाव नोंदवलं आहे. ते त्यांचं संशोधन. आपल्याकडे धडधाकट माणसांना रांगेत उभं करून ही टेस्ट करावी असं माझं म्हणणं नाही.

उलट एका गोष्टीची मला चीड आहे, तीही सांगते. हल्ली जिथे तिथे "कॅन्सर पॅकेज" विकलं जातं. सीईए, सीए-१२५, पीएसए, एएफपी अशा नावांच्या रक्ताच्या तपासण्या. लोक हजारो रुपये मोजतात, सगळं नॉर्मल येतं, आणि माणूस निश्चिंत होतो की आपल्याला कॅन्सर नाही. यातला एकही आकडा ब्लड कॅन्सर शोधायला उपयोगाचा नाही. ल्युकेमियाचा पहिला संशय साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, आणि स्मिअरमधून येतो. लिम्फोमात एलडीएच आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढू शकतं, पण ते दहा कारणांनी वाढतं, निदानाला गाठीचा तुकडाच काढावा लागतो. आयजीएम जातीच्या अँटीबॉडीचा सुळका असेल तर वॉल्डेनस्ट्रॉम नावाच्या आजाराचा विचार होतो. हे फरक पेशंटला कोण समजावून देणार? पॅकेज विकणारा देत नाही. पेशंटचा विश्वास तुमच्यावर आहे, तुम्हीच द्या.

मी रोज परळच्या नाक्यावर उतरते. टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर चटया टाकून बसलेली कुटुंबं दिसतात. १९४१पासून हे हॉस्पिटल इथे उभं आहे, आणि देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली इथेच झालं. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून तयार केलेल्या कार-टी उपचाराला २०२३मध्ये मंजुरी मिळाली. रक्तातल्या बी पेशींवरचं सीडी-१९ हे प्रोटीन ओळखून त्या पेशी मारणारा उपचार. तो काही प्रकारच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे, मायलोमासाठी नाही. पण इथपर्यंत आपलं शहर पोचलं आहे. आणि इथून चालत दहा मिनिटांवरच्या चाळीत माझ्या मामांचा कागद सात महिने पिशवीत राहिला.

त्यांचं पुढे काय झालं ते सांगते. एम प्रोटीन डेसिलिटरला ५.६ ग्रॅम निघालं. तीन आठवडे डायलिसिस लागलं. मग बोर्टेझोमिब या मायलोमावरच्या औषधाचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, आणि त्याबरोबर गोळ्या. दर महिन्याला त्यांचं सँपल आमच्या लॅबमध्ये यायचं आणि मीच ते लावायचे. ५.६, मग ३.८, मग १.९. मी आलेखाची प्रिंट घरी घेऊन जायचे. मामा चष्मा लावून ती खिडकीपाशी धरायचे आणि विचारायचे, "गो बाये, डोंगर किती उतरलो?" नवव्या महिन्यात सुळका इतका बुटका झाला की बोटाने दाखवावा लागला. ते पुन्हा जिना उतरून कोपऱ्यावर पेपर आणायला जायला लागले. पण किडनी पूर्ण सुधारली नाही आणि मोडलेल्या मणक्यामुळे उंची जवळजवळ दोन इंच गेली. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. २०२१मध्ये न्यूमोनिया होऊन ते गेले.

त्या सात महिन्यांत कळलं असतं तर ते आज असते असं मी म्हणणार नाही. मायलोमा बहुतेकांत पुन्हा डोकं वर काढतो, ते मला ठाऊक आहे. पण मणका वाचला असता. किडनी बहुधा वाचली असती. ट्रान्सप्लांटचा विचार तरी झाला असता.

तेव्हा तीनच विनंत्या. लिव्हर फंक्शनचा रिपोर्ट मिटण्याआधी टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा झालेला तो आकडा एकदा बघा. त्याच रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल आहे म्हणून हाडं ठीक आहेत असं धरू नका, मायलोमात ते बहुधा नॉर्मलच राहतं. आणि चिठ्ठीवर पेशंटचं वय आणि तक्रार लिहा, चार शब्दांत का होईना.

आमच्या बाजूने मी एवढं करते: ग्लोब्युलिन ५ च्या वर गेलेला रिपोर्ट निघाला की मॅडमना विचारून मी स्वतः दवाखान्यात फोन लावते. बहुधा अकरा-साडेअकराला, तुमच्या ऐन गर्दीच्या वेळी. कंपाउंडर "डॉक्टर बिझी आहेत" म्हणतो. त्याला सांगून ठेवा की लॅबचा फोन असेल तर आत द्यायचा.

कळावे,
आपली नम्र,
परळमधली एक लॅब टेक्निशियन